कच्चा बाग

नोकरी वृषालीला लागली होती, पण सल्ला द्यायची घाई साऱ्या वस्तीला झाली होती. निमगाव केतकीच्या पुढे, डाळिंबाच्या बागांमध्ये वसलेल्या त्या चार घरांत चित्र काढण्याबद्दल पगार आजवर कुणी घेतला नव्हता. अशा नोकरीत कसे वागावे, याचा अनुभव कुणालाच नव्हता. आणि अनुभव नसल्यामुळे सल्ल्याला कसला अडसरही नव्हता. चुलतीने सांगितले, साहेबाच्या आधी पोहोचावे आणि साहेब उठल्यावर उठावे. शेजारच्या भीमाकाकांनी सांगितले, दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरते, तेव्हा अधूनमधून उभे राहावे, कुणी काही म्हटले तर आमच्याकडे उभ्यानेच काम करतात असे ठणकावून सांगावे. आई फुलाबाईंनी तोंडी काही सांगितले नाही. डब्यात मात्र दोघींना पुरतील एवढ्या भाकरी बांधल्या. "हापिसात कुणी उपाशी आसलं तर?" एवढेच त्या म्हणाल्या.

वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, आपला सल्ला शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवला होता. डिसेंबरातली पहाट होती. मोटारसायकलवरून त्यांनी वृषालीला फाट्यावर आणून सोडले. इंदापूरहून बारामतीला जाणारी एसटी धुक्यातून दिवे लावून येताना दिसली, तेव्हा कानटोपी वर सरकवत ते म्हणाले, "एक गोष्ट ध्येनात ठेव, वृषे. कच्चा बाग कुणाला दावायचा नसतो."

"म्हंजी?"

"म्हंजी काम पुरं झाल्याबिगार कुणाच्या नजरंला पडू द्यायचं न्हाय. तुला म्हाईतच हाय की."

तिला माहीत होते. ती शाळेत असताना एक व्यापारी सहज म्हणून बागेत शिरला होता. फळे तेव्हा लिंबाएवढी होती आणि दोन-चार झाडांवर रोगाचा ठिपका आला होता. व्यापारी हसून, चहा पिऊन निघून गेला; पण आबासाहेबांच्या बागेला ठिपका आहे ही बातमी त्याच्या आधी इंदापूरच्या बाजारात जाऊन बसली. पुढे फळ लालबुंद, टवटवीत निघाले, तरी भाव त्या ठिपक्याचाच मिळाला. त्या वर्षापासून घराचा नियम ठरला. तोडणीच्या तोंडाशी येईपर्यंत बागेच्या बांधावर व्यापाऱ्याचा पाय पडू द्यायचा नाही.

"ध्येनात ठेवते आबा," असे म्हणून ती एसटीत चढली. खिडकीची काच धुक्याने ओली झाली होती. तिच्यावर बोटाने तिने नकळत एक होडी काढली, आणि बारामती येईपर्यंत तिला आपल्या मांडीवरच्या पिशवीचे वजन जाणवले नाही.

स्टुडिओ भिगवण रस्त्यावर, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होता. नाव 'चौकट'. एकूण नऊ माणसे. वृषाली दहावी. जिने चढताना नळ्यांच्या प्लास्टिकचा वास येत होता, तो तिला घरच्यासारखा वाटला. आणि दार उघडताच समोर दिसला तो प्रकार मात्र तिने कॉलेजात असताना केवळ मनात रंगवला होता. भिंतीभर चित्रे. टेबलांवर उजळलेले पडदे. एका पडद्यावर रोहित पक्ष्याचे राखाडी पिल्लू पुन्हा पुन्हा एकच उडी मारत होते आणि प्रत्येक वेळी नव्याने पडत होते. वृषालीला एकाएकी इतका आनंद झाला, की पायांतल्या चपला काढायच्या की ठेवायच्या हेच तिला ठरवता येईना.

"ठेव, ठेव. देऊळ नाही हे," आतून कुणीतरी हसत म्हणाले. तो अविराज होता, तिथला सर्वांत जुना चित्रकार. त्याने तिची खुर्ची दाखवली, पडद्यावर काढायचे पेन हातात दिले आणि म्हणाला, "दर थोड्या वेळानं फाईल जपून ठेवायची. बारामतीची वीज तुझ्या चित्रासाठी थांबत नाही. आणि या खुर्चीचं डावं चाक निखळतं, त्यामुळे डावीकडे वळून भांडायचं नाही. बाकी सगळं हळूहळू कळेल."

चौकटमध्ये मुलांसाठी एक चित्रपट तयार होत होता. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारा रोहित पक्ष्यांचा थवा, त्यातले एक हरवलेले पिल्लू आणि त्याला आपल्या होडीतून थव्यापर्यंत पोहोचवणारी द्वारकाबाई नावाची कोळीण, अशी त्याची गोष्ट होती. चौकट चालवणारी श्रेया हैदराबादेत अनेक वर्षे काम करून आपल्या गावी परतली होती. तिने वृषालीला खिडकीपाशी बोलावले.

"तुझ्या कामांत एक पाण्याचं चित्र होतं. धुक्यातलं. ते कुठलं?"

"पळसदेवकडचं, ताई. आईचं माहेर आहे तिथं, काठावर."

"ते पाहूनच मी तुला घेतलं. पहिला शॉट तू कर. पहाट, पाणी, पाण्यातून वर आलेलं जुनं देऊळ, पुढे लव्हाळं. द्वारकाबाईची होडी यातून जाते. चित्रपट इथूनच उघडतो."

वृषाली "हो" म्हणाली, पण आवाज बाहेर आला की नाही, याची तिची तिलाच खात्री नव्हती. पहिला शॉट! थिएटरातले दिवे मालवल्यावर पहिल्याने जे दिसणार ते तिचे पाणी असणार होते. आईच्या माहेरचे पाणी. लहानपणी मामाच्या होडीत बसून हाताने कापलेले, ओंजळीत धरलेले, नाकातोंडात गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला चौकटची रीत कळली. रोज दहाला सारे जण मोठ्या पडद्यापुढे बसत आणि ज्याचे जे काम ज्या अवस्थेत असेल ते त्या पडद्यावर लावत. सौरभ नावाचा एक उंच, विस्कटलेल्या केसांचा मुलगा होडी हलवण्याचे काम करीत होता. त्याने आपली होडी लावली. ती होडी कमी आणि कुत्र्याने पळवलेली भाकरी जास्त दिसत होती.

"सौरभ, ही बुडते आहे का पळते आहे?" श्रेयाने विचारले.

"दोन्ही करून बघितलं, ताई. बुडताना बरी दिसते."

खोली हसली. सौरभही हसला. मग तिघांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या आणि तो मान डोलावत त्या ऐकत राहिला. वृषालीला त्याच्या जागी शरमेने घाम फुटला. असले काम चारचौघांत उघडे करायचे? हे लोक बाहेर कुठे बोलले तर? उद्या सारी बारामती म्हणेल, सौरभला होडी काढता येत नाही!

"वृषाली, तुझं?"

"अजून तयार नाही, ताई."

"तयार नसू दे. काय आहे ते लाव."

"उद्या लावते."

श्रेया हसली. "पहिले काही दिवस सगळेच लाजतात. ठीक आहे."

उद्या आली आणि गेली. तिच्या मागची उद्याही गेली. दर सकाळी वृषाली "अजून तयार नाही" म्हणत होती, आणि कुणी मागून गेले की पडद्यावर दुसरीच खिडकी उघडत होती. त्यात लबाडी नव्हती. कापणीआधी पिकावर नजर पडू नये म्हणून बांधावर काळे मडके टांगणाऱ्या घरातली ती मुलगी होती. तिच्या हाताला ते आपोआप सुचत होते. रोज संध्याकाळी घरी पोहोचल्यावर आबासाहेब विचारीत, "दावलं न्हाय न्हवं कुणाला?" आणि ती अभिमानाने "न्हाय" म्हणे.

पण त्या झाकलेल्या खिडकीमागे केवढा उत्सव चालला होता! तिने पाण्याला आधी राखाडी निळा रंग दिला, मग त्याच्यावर फिकट जांभळ्या रंगाची साय धरली. सूर्य उगवायच्या आधी पाणी आकाशापेक्षा उजळ असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. ते तिने तसेच उतरवले. देवळाच्या शिखरावरचे शेवाळ तिने एकेक ठिपका देऊन रंगवले. लव्हाळ्याची पाती एकेक करून पाण्यात वाकवली. आणि चित्राच्या मधोमध, जिथे उगवतीचा पहिला उजेड पाण्यावर सांडतो, तिथे तिने असे काही सोने ओतले, की स्वतःच खुर्चीत मागे रेलून ती ते पाहत राहिली. डबा खायचे ती विसरली. भाकरी खरोखरच दुसऱ्या कुणाला द्याव्या लागल्या. त्या सौरभने खाल्ल्या आणि फुलाबाईंना निरोप धाडला, की असेच रोज.

शुक्रवारी सकाळी तिने स्वतःहून हात वर केला. "ताई, झालं."

चित्र मोठ्या पडद्यावर उजळले. मग कुणीतरी शीळ घातली. अविराज उठून पडद्याजवळ गेला आणि शेवाळाकडे नाक लावून पाहू लागला. "हे तू केलंस? चार दिवसांत?" टाळ्या वाजल्या. वृषालीचे कान तापले. आबांचे खरे झाले, असे तिला वाटले. पिकले फळ दाखवले की असे होते.

"सौरभ, होडी सोड," श्रेया म्हणाली.

सौरभने होडी सोडली. एव्हाना ती भाकरीसारखी राहिली नव्हती. डौलदार, वल्ह्याच्या तालावर डुलणारी होडी झाली होती. ती उजवीकडून आली, लव्हाळ्यापाशी पोहोचली आणि लव्हाळ्याच्या अंगावरून, पाती चिरडत, पुढे निघाली. वहीवर चिकटवलेले चित्र सरकावे तशी. होडीने लव्हाळ्याआडून जायचे होते. पण लव्हाळे, पाणी आणि देऊळ वृषालीने कागदावर रंगवावे तसे एकाच पातळीवर, एकमेकांत मुरवून रंगवले होते. त्यांच्यामध्ये होडीला शिरायला जागाच नव्हती. पुढे तर आणखी वाईट झाले. द्वारकाबाई चित्राच्या मधोमध आली आणि तिची केशरी साडी, तिचा चेहरा, मांडीवरचे पिल्लू, सारे त्या ओतलेल्या सोन्यात विरघळून गेले. होडी रिकामीच चालल्यासारखी दिसली.

कुणी हसले नाही. हसले असते तर तिला बरे वाटले असते.

"चित्र सुंदर आहे," श्रेया शांतपणे म्हणाली. "चित्र म्हणून मी ते माझ्या घरात लावीन. पण वृषाली, आपण जे करतो ती जागा असते. तिथे कुणीतरी राहायला येणार असतं. त्याला आधी वाट ठेवावी लागते. मंगळवारी हे नुसत्या रेघांत बघितलं असतं, तर सौरभनं तुला पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"मी पुन्हा करते, ताई."

"कर. येत्या गुरुवारी पैसे लावणारे पुण्याचे लोक पहिली दोन मिनिटं बघायला येतायत. सोमवारी दहाला मला या पडद्यावर तुझं काहीतरी दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर पहिला शॉट अविराज करेल आणि तू त्याच्या हाताखाली राहशील."

"सोमवारपर्यंत पूर्ण कसं..."

"पूर्ण म्हणाले का मी?"

जिन्यात अविराजने तिच्या हाती चहाचा कप दिला. तो स्वतःचा कप घेऊन पायरीवर बसला. मग म्हणाला, "मला तुझा शॉट नकोय. मला माझेच पुष्कळ आहेत. पण एक सांगतो. भिंत पक्की झाल्यावर खिडकी पाडायची म्हणजे घण घालावा लागतो. विटा ओल्या असतानाच चारजणांना विचारावं, बाबांनो, वारं कुठून येतं?"

तिने मान हलवली. पण गळ्यापर्यंत आलेले उत्तर चहाबरोबर गिळून टाकले. त्याला काय माहीत, ओल्या विटा पाहून गेलेले लोक बाजारात काय बोलतात ते?

शनिवारी घरच्या ओट्यावर बसून, चौकटमधून आणलेला पाटीएवढा पडदा मांडीवर घेऊन तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी पाणी वेगळे, देऊळ वेगळे, लव्हाळे वेगळे, अशा स्वतंत्र थरांत. दुपारपर्यंत जे उभे राहिले ते पाहून तिला रडू आले. नुसत्या रेघोट्या. देऊळ कुठूनही देऊळ वाटत नव्हते. फुलाबाई चहा घेऊन आल्या तशी तिने पडदा पालथा घातला.

"माझ्यापसनं बी लपिवतीस?" फुलाबाई म्हणाल्या. "माझ्याच म्हायेरचं हाय न्हवं ते?"

"कच्चं हाय आई."

"मी बी कच्चीच व्हते की तितं," असे म्हणून त्या हसत आत गेल्या.

रात्री तिने मनाशी हिशेब मांडला. सोमवारपर्यंत हे पूर्ण होणे शक्य नाही. आणि अपूर्ण असे त्या मोठ्या पडद्यावर लावणे तिच्याने होणार नाही. मग उद्याच श्रेयाताईंना फोन करून सांगावे, शॉट अविदादांना द्या. निदान मान तरी राहील. असे ठरवून ती निजली, पण ज्या पाण्यात ती हाताने रेघा ओढत वाढली होती ते दुसऱ्या कुणाच्या हातून रंगवले जाणार, या विचाराने तिचा डोळा लागला नाही.

रविवारी सकाळी ती फोन घेऊन बागेच्या कडेला गेली. तिथेच रेंज बरी मिळे. नंबर लावणार, तोच बागेतून आबासाहेबांचा आवाज आला. "भीमा, ये, ये! हिकडं बघ. त्या कडंचं नको बघू, ते बरं हाय. ह्ये बघ, लई वंगाळ झालंय."

भीमाकाका धोतर खोचून सरीतून चालत होते आणि आबासाहेब त्यांना दंडाला धरून नेमके वाईट झाडापाशी ओढत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने पान उलटे केले, ठिपका दाखवला, खालचे फळ दाखवले. त्यानेही भागेना म्हणून आणखी दोन झाडे दाखवली. भीमाकाकांनी खिशातून चाकू काढून एक हिरवे फळ सरळ चिरले, आतले दाणे नखाने दाबले आणि ओरडले, "आरं आबा, बाग हाय का म्हशीचा डबरा? पाणी किती सोडतोयस! फळ तडकंल अशानं. निम्म्यावर आण."

"निम्म्यावर?" आबासाहेबांनी शाळकरी पोरासारखे विचारले.

"निम्म्यावर. आन् ही फांदी कशाला ठिवलीया? तिला लगीन लावायचंय का?"

आबासाहेब हसत होते. भर बागेत शिव्या खात, चिरलेले फळ हातात घेऊन हसत होते. वृषालीने फोन खाली केला.

तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला आणि आबासाहेबांचा चेहरा पालटला. हातातले फळ त्यांनी पाल्यात टाकले. "वृषे, शेठ आला! आईला च्या ठिवाय सांग. आन् त्येला वट्ट्याच्या फुडं येऊ दिऊ नको!"

व्यापारी पांढरे कपडे घातलेला, मोठा गोड माणूस होता. ओट्यावर टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "च्या कशाला, आबासाहेब? म्हटलं जरा बाग बघावा."

"बाग कुठं पळून चाललाय, शेठ? च्या मातुर गार व्हतोय."

"चालत चालत पिऊ की."

"आमच्यात पावण्याला चालत च्या देत न्हाईत. तोंडात शेण घालतील लोक."

शेठने चहा संपवला. "हात धुऊन येतो जरा, तिकडं पाटावर," असे म्हणून तो बागेच्या दिशेला उठला, तर आबासाहेब तांब्या घेऊन आडवे. "पाटाला पाणीच न्हाय शेठ आज. हितंच धुवा." शेठने हात धुतले. हसला. आबासाहेबही हसले. कोण कशासाठी हसतो आहे हे दोघांनाही ठाऊक होते. जीप धूळ उडवीत निघून गेली आणि भीमाकाका लपून बसल्यासारखे झाडाआडून बाहेर आले, हातात अजून चाकू.

वृषालीला हसू आवरेना. मग मध्येच ती थांबली. "आबा, शेठला बाग दावायचा न्हाय. मग भीमाकाकाला कसा दावला? त्ये बी सगळ्यात वंगाळ झाड हुडकून?"

आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिले. इतकी शिकलेली पोरगी हे काय विचारते, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. "शेठला बाग इकत घ्यायचाय, बाळ. भीमाला जगवायचाय. ह्येला न्हाय दावायचा तर मग कुणाला दावायचा?"

एवढे बोलून ते पाण्याचा कॉक अर्ध्यावर आणायला निघून गेले.

वृषाली बांधावरच बसली. सौरभचा हसणारा चेहरा तिला आठवला, भाकरीसारखी होडी लावून मान डोलावणारा. शेवाळाला नाक लावणारा अविराज आठवला. चहाच्या कपामागून तो बोलत होता ते आता कुठे तिला ऐकू आले. त्या नऊ माणसांना तिचे चित्र विकत घ्यायचे नव्हतेच मुळी. आणि आठवडाभर ती त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजत होती!

ती धावतच घरात गेली. पालथा पडदा उताणा केला. आता तिला देवळावर एक ठिपकाही द्यावासा वाटत नव्हता. कुठे अडले आहे तेवढेच तिने ठळक केले. होडीची वाट मोकळी सोडली. मधले सोने पुसून टाकले आणि तिथे मोठे प्रश्नचिन्ह काढले. मग फुलाबाईंना हाक मारली. "आई, ये. तुझं म्हायेर बघ. लई वंगाळ झालंय."

फुलाबाईंनी पदराला हात पुसत पाहिले. "धुकं कुठाय?" त्या म्हणाल्या. "थंडीच्या दिसांत आमच्यात देऊळ आधी दिसतच न्हाय. काठाजवळचं धुकं आधी उठतं. मधलं मागनं."

सोमवारी भवानीनगरच्या साखर कारखान्यापाशी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यात अशी अडकली, की एसटी जागची हलेना. साखरेचा आंबूस गोड वास खिडकीतून आत येत होता आणि वृषाली दाराशी जाऊन पुन्हा पुन्हा बाहेर डोकावत होती. "उतरून ढकलता का ताई?" कंडक्टर म्हणाला. बारामतीत उतरल्यावर ती डेपोपासून रिक्षाने आली आणि तीन मजले एका दमात चढली. दारातूनच श्रेयाचा आवाज ऐकू आला. "फोनही लागत नाही. बरं अविराज, मग पहिला शॉट तू..."

"ताई, मी आधी!"

सगळ्यांनी वळून पाहिले. केस विस्कटलेले, छाती भात्यासारखी वरखाली, पाठीवर पिशवी तशीच. "मी आधी लावते. फार वाईट आहे."

पडद्यावर रेघोट्या उमटल्या. मग सौरभ म्हणाला, "हे देऊळ आहे का अक्कलदाढ?"

खोलीत हशा फुटला. वृषालीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आले, की कुठेच काही दुखले नाही. "दाढच आहे," ती म्हणाली. "उपटायची का ठेवायची ते सांगा. आणि इथे मध्ये काय करावं मला कळत नाही. होडी सोड ना, सौरभ."

सौरभने होडी सोडली. होडी उजवीकडून आली, लव्हाळ्याच्या नुसत्या फराट्यांआड शिरली, क्षणभर दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर निघाली. "गेली! आडून गेली!" कुणीतरी ओरडले, जणू घाटातून बैलगाडीच पार झाली. मग सारेच एकदम बोलू लागले. कुणी म्हणाले देऊळ डावीकडे न्या. कुणी म्हणाले लव्हाळे कमी करा. अविराज म्हणाला, धुके देवळावर ठेवून काठावरही ठेवावे.

"नाही अविदादा," वृषाली म्हणाली, आणि आपण जुन्या माणसाला नाही म्हणालो हे तिला नंतर कळले. "काठाजवळचं आधी उठतं. मधलं मागून. आई सांगते. म्हणजे होडी आधी दिसेल आणि देऊळ सगळ्यात शेवटी."

अविराज थांबला. डोळे बारीक करून त्याने पडद्याकडे पाहिले. "मग तुझं ते सोनं देवळाच्या मागे टाक," तो हळूच म्हणाला. "धुकं उठेपर्यंत ते कुणाला दिसणारच नाही. द्वारकाबाई पुढे निघून गेल्यावर दिसेल."

वृषालीने पेन घेऊन देवळामागे खूण केली. चार दिवस मरमर मरून तिने ओतलेले सोने, आणि त्याची खरी जागा तिला दुसऱ्याने दाखवली होती. तरीही ते तिचेच राहिले होते.

श्रेया उठली, तिच्या हातातले पेन घेतले आणि पडद्यावर सरळ आडवी रेघ मारली. "पाणी फार झालंय. एवढं नको. निम्म्यावर आण, म्हणजे आकाशाला श्वास घेता येईल." पेन परत देताना ती इतरांकडे वळून, साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "शॉट एक, वृषाली. अविराज, तू तुझा दुसरा लाव."

दुपारच्या सुट्टीत आबासाहेबांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. ते बागेतच असावेत. "दावलं न्हाय न्हवं कुणाला?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले.

"दावला, आबा. कच्चाच."

"कुणाला गं?"

"भीमाकाकाला."

"भीमा? भीमा तर हितं माझ्यापुढं बसून तंबाखू मळतोय की!"

"हितं बी हायत, आबा. एक न्हाय, नऊ हायत."

वृषालीला वाटले, फोन कटला. मग आबासाहेबांचा हसण्याचा आवाज आला, आधी दबका, मग मोकळा. "मग काय म्हनले?" त्यांनी विचारले. "पाणी लई झालंय म्हनले आसतील."

वृषालीने समोरच्या पडद्याकडे पाहिले. श्रेयाची रेघ अजून तिथे होती, पाण्याच्या मधोमध, सरळ आडवी.

"व्हय आबा," ती म्हणाली. "निम्म्यावर आण म्हनले."